पत्र्याच्या गोल पूलसाठी १५ फुटी ओव्हरलॅप लायनर: कोकण किनाऱ्यावर घेण्याजोगा आहे का?

पत्र्याची गोल भिंत, बाहेरून उभे खांब, वर पट्ट्या आणि आत निळं व्हिनाइल. नागावपासून तारकर्लीपर्यंत होमस्टेच्या अंगणात जमिनीवर उभा करायचा जो पूल बसवतात, त्यात पाणी धरून ठेवणारी वस्तू एकच असते, ती म्हणजे आतला लायनर. पत्रा फक्त रेटा सोसतो. १५ फूट व्यासात साडेतीन फूट पाणी भरलं की ते सुमारे १७,५०० लिटर होतं. साडेसतरा टनांचं हे वजन अर्धा मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकवर टेकलेलं असतं. म्हणून लायनर निवडताना रंग आणि नक्षी शेवटी बघावी.

हे परीक्षण १५ फुटी, ०.५ मिमी जाडीच्या ओव्हरलॅप लायनरचं आहे. आमचं मत आधीच सांगतो: ४८ ते ५२ इंच उंच पत्र्याच्या पूलसाठी किनाऱ्यावर हाच घ्यावा. पण नुसत्या डब्याची किंमत बघून हिशेब करू नका, आणि ०.५ च्या खाली उतरू नका.

ओव्हरलॅप म्हणजे लायनरची कड पत्र्यावरून बाहेर दुमडायची आणि वरून प्लास्टिकच्या कोपिंग पट्ट्या दाबायच्या. बीडेड प्रकारात कडेला जाड गोट असतो आणि तो पत्र्याच्या डोक्यावर बसवलेल्या खाचेच्या पट्टीत अडकवतात. बीडेड दिसायला नेटका, पुढच्या वेळी बदलायला सोपा. पण तो भिंतीच्या उंचीला नेमका बेतलेला असतो. तळ एखाद्या बाजूला इंचभर खोल गेला, तर तो तिथे ताणला जातो किंवा खाचेतून सुटतो. आपल्याकडे जांभ्याच्या जमिनीत तळ इतका तंतोतंत क्वचितच मिळतो. ओव्हरलॅप थोडा खाली सोडता येतो, थोडा वर ओढता येतो. हाच त्याचा खरा गुण.

स्वस्तात काम भागवायला बायोफ्लॉक टाकीची (मासे वाढवायच्या टाकीची) ५५० ते ६५० जीएसएमची (चौरस मीटरला इतके ग्रॅम) पीव्हीसी ताडपत्री आत टाकणारेही आहेत. टोचण्याला ती व्हिनाइलपेक्षा चांगली टिकते, हे मान्य करायला हवं. पण आत विणलेलं कापड असल्यामुळे ती ताणत नाही. गोल तळाला चुण्या पडतात, चुणीत शेवाळ धरतं, आणि स्किमरसाठी (पाण्यावरचा कचरा फिल्टरकडे ओढणारं भिंतीतलं तोंड) कापलेल्या कडेतून धाग्यांच्या वाटेने पाणी झिरपत राहतं. स्किमर आणि रिटर्न (गाळलेलं पाणी परत आत सोडणारं तोंड) नसलेल्या, पाणी वारंवार बदलायच्या छोट्या टाकीला ती चालेल. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा एचडीपीई कागद मात्र इथे अजिबात नको. तो ताठ असतो, गोंदाने चिकटत नाही, भोक पडलं तर गरम हवेच्या यंत्राने जोडणारा माणूस बोलवावा लागतो, आणि काळा असेल तर उन्हात पायाला चटके देतो.

डबा घरी आला की आधी वजन करा. खोक्यावर नुसतं ‘२० गेज’ किंवा ‘हेवी गेज’ लिहिलेलं असेल तर त्यावरून जाडी कळत नाही. मिलिमीटर किंवा मिल लिहिलेलं हवं, २० मिल म्हणजे ०.५ मिमी. १५ फुटी लायनरचं तळ आणि भिंत मिळून क्षेत्रफळ ३५ चौरस मीटरच्या आसपास भरतं. व्हिनाइलची घनता साधारण १.२५ धरली, तर ०.५ मिमीचा लायनर २२ किलोच्या जवळपास हवा. साडेसतरा भरला तर ०.४, तेराच भरला तर ०.३ मिमी समजा. रद्दीवाल्याच्या काट्यावरसुद्धा हे कळतं. ०.३ मिमीचा लायनर मऊ आणि बसवायला सोपा वाटतो, पण शिडीच्या पायाखाली आणि तळाच्या कडेला तो आधी जातो. ०.७५ मिमीचा जास्त टिकाऊ, पण जड आणि ताठ. तो सरळ करायला सवयीचे हात लागतात.

डब्यात लायनर येतो, बाकी बहुतेक काही येत नाही. वेगळं घ्यायचं ते असं: स्किमर आणि रिटर्नचे नवे गॅस्केट (जुने परत लावले तर गळती ठरलेली), कोपिंग पट्ट्या जुन्या असतील आणि उन्हाने ठिसूळ झाल्या असतील तर त्याही, भिंत आणि तळाच्या कोपऱ्यात बसवायच्या वाट्याचे चार फुटी फोमचे तुकडे १२ (परीघ ४७ फूट, शेवटचा कापून बसतो), तळाला घालायचं किमान २०० जीएसएमचं जिओटेक्स्टाइल (जमिनीवर अंथरायचं जाड कृत्रिम कापड), आणि चांगली रुंद डक्ट टेप. वॉरंटी वाचून घ्या. बहुतेकांची हमी फक्त कारखान्यात जोडलेल्या सांध्यांपुरती असते आणि वर्षागणिक तिची रक्कम उतरत जाते. छिद्र, चुण्या, रंग उडणं यात धरत नाहीत.

आता जमीन. लायनर फाटला की दोष मालाला देतात, पण बहुतेक वेळा कारण खाली असतं, आणि कोकणात ते तीन तऱ्हांनी वेगळं असतं.

सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, कातळ असतो. सपाट करण्याचा नियम असा की उंचवटा तासायचा, खड्डा भरायचा नाही, कारण भरलेली जागा पाण्याच्या वजनाखाली बसते. कातळावर हे जमत नाही. तिथे १६ फूट व्यासाचा ३ इंची पीसीसीचा (साध्या काँक्रीटचा) थर टाकणं हाच सरळ मार्ग, सुमारे ५० घनफूट म्हणजे अर्धा ब्रास काँक्रीट. त्यावर वाळू न टाकता जिओटेक्स्टाइलचे दोन थर किंवा फोमची चादर. जांभ्याचा एक खडा जरी वर राहिला तरी तो पाय पडून पडून खालून लायनर कुरतडतो.

पुळणीवर, म्हणजे देवबाग किंवा दिवेआगरसारख्या वाळूच्या जागी, खणायला सोपं पण खांब खचतात. प्रत्येक उभ्या खांबाखाली १६ × १६ इंचांची सिमेंटची फरशी, जमिनीशी सपाट बसवलेली, हवीच. जांभ्याचा चिरा वापरू नका. ओला झाला की त्याची कड भुगा होते आणि खांब एका बाजूला कलतो. समोरच वाळू आहे म्हणून समुद्राची वाळू तळाला घालण्याचा मोह टाळा. तिच्यात शिंपल्यांचे तुकडे असतात आणि तिच्यातलं मीठ पत्र्याची खालची कड खातं.

आगरात, नारळी-पोफळीच्या सावलीत, वरची काळी माती सगळी काढा, मुरूम लागेपर्यंत. पानं, सोडण, मुळं खाली राहिली तर कुजून लायनरवर खालून गुलाबी-करडे डाग उमटतात आणि ते घासून जात नाहीत. लव्हाळ्याकडे विशेष लक्ष द्या. त्याचा अणकुचीदार कोंब व्हिनाइल सहज भेदून वर येतो. पाती उपटून भागत नाही, गाठी खणून काढाव्या लागतात. वाळवीचं औषध मारायचं असेल तर पाण्यात मिसळायचं घ्या. रॉकेल, डांबर, डांबरी कागद आणि काळं रबर व्हिनाइलला लागता कामा नये, डाग पडतात आणि ते जागच्या जागी बिघडतं. आणि झाडाची उंची बघा: नारळ किंवा झावळ पूलमध्ये पडेल अशा जागी पूल नकोच. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनाजवळ बोंडं उडून येतात. लायनर पसरण्याआधी तळावरून आणि नंतर आतूनही हात फिरवून एकेक वेचावं लागतं.

लेव्हल गवंड्याच्या लेव्हल पाइपने घ्या. पूर्ण व्यासात फरक एक इंचाच्या आत हवा, अर्धा इंच असेल तर उत्तम. कातळ सोडून बाकी जागी चाळलेल्या नदीच्या वाळूचा २ इंची थर पुरतो: तळ १७७ चौरस फूट, म्हणजे ३० घनफूट. धुम्मस मारल्यावर ती बसते, म्हणून ३५ धरा, म्हणजे एक तृतीयांश ब्रासला थोडी वर. क्रश सँडचे कण धारदार असतात. तीच मिळत असेल तर वर जिओटेक्स्टाइल घातल्याशिवाय लायनर टाकू नका. भिंत आणि तळाच्या कोपऱ्यात वाटा हवाच. तो नसेल तर पाणी लायनरला पत्र्याच्या खालच्या फटीत ढकलतं आणि तिथेच तो फुटतो. वाळूचा ६ इंची वाटाही चालतो, त्याला आणखी ६ घनफूट वाळू लागते. पण पावसात पत्र्याखालून पाणी वाहिलं की वाळू त्याबरोबर जाते, आणि खेकडे, घुशीही ती उकरतात. कोकणात फोमचाच वाटा घ्या.

जुना लायनर काढला की पत्रा एकदा आतून नीट बघा. खाऱ्या वाऱ्याने तो आधी स्किमरच्या भोवती, जोडाच्या बोल्टांपाशी आणि खालच्या कडेला गंजतो. तारेच्या ब्रशने घासा, झिंकयुक्त प्रायमर लावा, सुकू द्या, बोल्टांच्या रांगेवर टेप मारा. बोट आत जाईल इतका पत्रा खाल्लेला असेल तर नवा लायनर वाया जाईल. आधी पत्रा बदला.

दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी, वेळ सकाळी ८ ते ११. याला दोन कारणं आहेत. फार थंड व्हिनाइल ताठ राहतं आणि एप्रिल-मेच्या दुपारी ते इतकं सैल होतं की जास्तच ताणलं जातं, मग पाणी भरल्यावर चुण्या. दुसरं, वरच्या पट्ट्या काढलेला पत्रा रिकामा उभा असतो आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटला की तो आत दुमडतो. दुमडलेला पत्रा पुन्हा सरळ होत नाही. पट्ट्या सगळ्या एकदम न काढता, जिथे काम चालू आहे तिथल्याच काढा.

लायनर स्वच्छ ताडपत्रीवर कोवळ्या उन्हात १५–२० मिनिटं उघडून ठेवा, घड्या सैल होतात. ओढत नेऊ नका. चार माणसांनी, अनवाणी, नखं कापून, उचलून आत न्यायचा. तळ आणि भिंत जोडणारा सांधा वाट्याच्या पायथ्याशी सगळीकडे सारख्या अंतरावर आला की समजा लायनर मधोमध आहे. मग कड पत्र्यावरून बाहेर टाकून कोपिंग पट्ट्या लावत जा. ताण देऊ नका. पाणी भरायच्या आधी लायनर वाट्याला टेकलेला असायला हवा. वाट्यावर तो अधांतरी राहिला, तर पाण्याचं वजन येताच तिथे ताणून पातळ होतो. तसं दिसलं तर त्या भागाची पट्टी सोडून थोडा खाली द्या. ओव्हरलॅपचा फायदा इथे कळतो.

त्यानंतर स्किमर आणि रिटर्नची भोकं बाहेरून टेपने बंद करा. वेट-ड्राय व्हॅक्यूमची नळी लायनर आणि पत्र्याच्या मधून दीड-दोन फूट खाली सोडा, फटीला टेप लावा आणि चालू करा. मागची हवा निघाली की लायनर भिंतीला आणि तळाला चिकटतो आणि चुण्या स्पष्ट दिसतात. तळावर ४ ते ६ इंच पाणी होईपर्यंत व्हॅक्यूम बंद करायचा नाही.

पाणी भरताना टँकर थेट लावण्याची घाई सगळ्यात जास्त नुकसान करते. पहिले दोन इंच, म्हणजे सुमारे ८३० लिटर, विहिरीच्या मोटरवर बागेच्या नळीने भरा. १ इंचावर थांबा आणि अनवाणी पायांनी मधून कडेकडे चुण्या सरकवा. २ इंचांवर पुन्हा एकदा. ५–६ इंच झाले की वजनाने लायनर हलत नाही, राहिलेली चुणी कायमची. मग टँकर लावा, पण नळीचं तोंड घडी घातलेल्या गोणपाटावर ठेवा. तोटीचा झोत थेट लायनरवर पडला तर खालची वाळू सरकून खळगा होतो आणि तो बाहेरून दिसतही नाही. पाणी चढत असताना कोपिंगकडे लक्ष ठेवा, लायनर खाली ओढला जातो.

रिटर्नचं आणि स्किमरचं भोक कापायची वेळ पाणी त्या भोकाच्या चार-सहा इंच खाली आल्यावर. आधी मुळीच नाही, कारण वजनाने लायनर अजून खाली सरकतो आणि कापलेलं भोक जागेवरून हलतं. स्किमरला आधी आतली फ्रेम आणि गॅस्केट लावून लायनरमधूनच स्क्रू घाला, मधले आधी, मग कोपरे, आणि सगळे बसल्यावर फ्रेमच्या आतला भाग कापा. रिटर्नला छोटी फुली मारून फिटिंग ढकलायचं. शेवटी बाहेर लोंबणारी जास्तीची कड कापा, पण चार-सहा इंच ठेवा आणि कापलेले तुकडे जपा. शिडीच्या पायाखाली त्यातलाच एक दुहेरी तुकडा घाला. लायनर सगळ्यात आधी तिथे झिजतो.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असतं, आणि व्हिनाइलला आम्ल सोसत नाही. पीएच ७ च्या खाली बराच काळ राहिला की लायनर पाणी पिऊन फुगतो आणि नीट बसवलेल्या तळावरही चुण्या येतात. मग दोष बसवणाऱ्याला मिळतो. पीएच ७.२ ते ७.६, एकूण अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारा पाण्याचा गुण) ८० ते १२० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम ठेवा. या मापाच्या पूलमध्ये ३०० ग्रॅम खाण्याच्या सोड्याने अल्कलिनिटी साधारण १० पीपीएम वाढते. पीएच फारच खाली असेल तर धुण्याचा सोडा, थोडा थोडा. विहिरीत लोह असेल तर क्लोरीन पडताच पाणी तांबूस होतं. घाबरू नका, फिल्टर सलग चालवा आणि वारंवार धुवा, पण ते गाळ होऊन तळावर बसू देऊ नका.

गावात सहज मिळते ती टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, तिने काम चालतं. पण थेट टाकली तर न विरघळलेले कण तळावर बसून तिथला रंग उडवतात. बादलीत कालवून, निवळू देऊन, फक्त वरचं पाणी ओता. खालचा चुना लायनरवर जाऊ देऊ नका. ३३ टक्के क्लोरीनची पावडर असेल तर २ पीपीएमसाठी सुमारे १०५ ग्रॅम. पावडर दमट हवेत लवकर उतरते, म्हणून जुन्या पिशवीवर भरवसा नको, टेस्ट किट ठेवा. क्लोरीनच्या गोळ्या लायनरवर कधीही टाकायच्या नाहीत, तरंगत्या डबीतच ठेवायच्या.

या लायनरचा मोठा दोष पावसाळ्यात दिसतो. त्याची कड पत्र्यावरून बाहेर जाते, त्यामुळे पाणी काठापर्यंत चढलं की ते त्या कडेवरून सांडून पत्र्यावर ओघळतं आणि पत्रा गंजायला लागतो. ४८ इंची भिंतीत ४२ इंच पाणी असेल तर वर फक्त ६ इंच, म्हणजे १५० मिमी मोकळे उरतात. चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिमी पाऊस हवामान खात्याच्या व्याख्येत ‘अति मुसळधार’ ठरतो आणि कोकणात तो जून-जुलैत नवा नाही. म्हणजे एका रात्रीत पूल काठोकाठ. जूनच्या आधीच पाणी ३६ इंचांवर आणा आणि रोज सकाळी नळीने जास्तीचं काढून टाका. छपराची पागोळी पूलमध्ये पडता कामा नये, आणि भोवती फूटभर अंतरावर ९ इंच खोल चर हवाच.

पण पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करू नका. जमिनीतलं पाणी वर आलं की लायनर तळावरून उचलला जातो, त्याच्या घड्या होतात आणि त्या पुन्हा जागेवर येत नाहीत. पाण्याचं वजन लायनरलाही धरून ठेवतं आणि वादळी वाऱ्यात पत्र्यालाही. जुना लायनर रिकामा ठेवला तर आटतोही. काही वर्षं वापरलेला लायनर दुरुस्तीसाठी रिकामा करायचीही गरज नसते. छिद्र असेल तर पाण्याखाली चालणारा व्हिनाइल गोंद आणि तो जपून ठेवलेला तुकडा घ्या. तुकडा छिद्रापेक्षा सगळीकडून २ इंच मोठा आणि कोपरे गोल कापलेला हवा, टोकदार कोपरा आधी सुटतो. पाणी खरंच गळतंय की उन्हाने आटतंय हे आधी ठरवा: शिडीच्या पायरीवर पूलच्याच पाण्याने भरलेली बादली ठेवा, बाहेरची आणि आतली पातळी खुणा करा, २४ तासांनी दोन्ही मोजा. पूलची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली असेल, तर शोध रिटर्नच्या गॅस्केटपासून सुरू करा आणि मग शिडीच्या पायाखाली बघा.